अँपमधल्या स्प्रिंगा

रोह्याच्या कॉलेजात परीक्षेचं वेळापत्रक लागलं, आणि त्याच संध्याकाळी घरी आले तर खुर्चीवर तीन लग्नपत्रिका पडलेल्या. हे दोन्ही कागद आमच्याकडे दरवर्षी असे एकत्रच येतात. एप्रिल लागला की अभ्यास आणि हळदी एकमेकांच्या अंगावर येतात. पुस्तक उघडून बसावं, तर कुठल्यातरी खळ्यात कुणीतरी माइकवर बोट आपटून "हॅलो, चेक, चेक" सुरू करतं. मला आता त्या "चेक"चासुद्धा थकवा येतो. यंदा मी तिसऱ्या वर्षाला आहे. तरी वेळापत्रक उतरवून घेताना मन मागच्या वर्षीच्या हंगामात जाऊन बसलं. त्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. ती लिहून काढावी असं फार दिवस वाटतंय. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

माझे बाबा गिटार वाजवतात. पोटासाठी ते रोह्याला एका कंपनीत शिफ्ट करतात, हवेच्या मोठ्या ब्लोअरजवळ. पण लग्नसराईत, सुट्टी आणि शिफ्ट जुळली की, गावच्या पार्टीत बसतात. पार्टी म्हणजे दामूकाकांचा बेंजो, दोन ढोलक्या, ठेक्याचं एक पॅड आणि बाबांची गिटार. दामूकाका पार्टीचे मुख्य. सामानाचा टेम्पो ठरवणं, हळदीवाल्यांशी बोलणं, रुसलेल्याला समजावणं, सगळं त्यांच्याकडे. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत गिटार असलेली पार्टी ही एकच, त्यामुळे बाबांना थोडा मान आहे. घरात तो मान दिसत नाही. घरात ते डबा धुऊन ठेवतात आणि भिंतीला टेकून झोपी जातात.

गिटारपेक्षा लोकांना बाबांचा अँप आठवतो. काळा, लाकडी, दोघांनी उचलावा इतका जड. माझ्या जन्माआधी मुंबईतला कुठलासा ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा बाबांनी तो घेतला. पुढची जाळी फाटली तेव्हा आईने तिला ब्लाउजपीसचं ठिगळ लावलं, ते अजून तसंच आहे. आवाजाची, जाड-बारीक सुराची बटणं सगळ्याच अँपना असतात. ह्याला आणखी एक बटण आहे, आणि त्यावरचं नाव बोटांनी पुसून गेलंय. पुस्तकात त्याला रिव्हर्ब म्हणतात. पार्टीतले सगळे इको म्हणतात. बाबा त्याला शेपटी म्हणतात. सूर वाजून गेल्यावर त्याच्या मागे जे सरपटत जातं, ती शेपटी.

ही शेपटी कुठून येते, ते मला दुसऱ्या वर्षाला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. अँपच्या तळाशी एक पत्र्याचा लांबट ट्रे आहे, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. त्यात तीन बारीक स्प्रिंगा ताणून बसवल्या आहेत. गिटारचा सूर विजेच्या रूपाने एका टोकाला येतो आणि स्प्रिंगांना हलवतो. ते हलणं दुसऱ्या टोकापर्यंत धावतं. तिथे थोडं ऐकू येतं, थोडं परत फिरतं, पुन्हा येतं, पुन्हा फिरतं. प्रत्येक फेरीला थोडं दमतं. दमत दमत संपतं. एवढंच. पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मोठ्या विहिरीच्या तळाशी बसून वाजवतोय, किंवा रिकाम्या गोदामात. मोबाइलमध्येही हल्ली असे आवाज मिळतात. मी ऐकलेत. ते स्वच्छ असतात, धुऊन इस्त्री केल्यासारखे. स्प्रिंगांचा आवाज तसा नाही. तो ओला असतो आणि त्या ओलेपणाच्या आत तारेची एक बारीक कंपकंप असते. कुणी अँपला धक्का दिला, तर तिन्ही स्प्रिंगा एकमेकींवर आपटतात आणि स्पीकरमधून आभाळ कोसळल्यासारखा गडगडाट होतो. लहान मुलं मुद्दाम लाथ मारून पळतात. दामूकाका त्यांच्या मागे धावत नाहीत. "एक दिवस तुमच्या हलदीला असाच वाजवीन रे, नवरा पलून जाईल," एवढंच म्हणतात.

आमच्याकडे जमीन सपाट आहे. मिठागरं, बांध, खाजण, मग खाडी. मोठ्याने हाक मारली तर ती जाते आणि जातच राहते. परत येत नाही. आईचं माहेर रोह्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं. तिकडे बैलाला हाक मारली तरी डोंगर ती परत देतो. आई सांगते, लग्न होऊन आली तेव्हा पहिले कितीतरी महिने तिला आपला आवाज हरवल्यासारखा वाटायचा. मग एकदा बाबांनी अंगणात अँप लावला आणि एक तार छेडली. आई भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, "पलीकडे कोण आहे?" बाबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात. आई म्हणते, तसं काही झालं नव्हतं. पण ती हसते.

मला कधी कधी वाटतं, आमच्यासारख्या सपाट जागेतल्या माणसांनाच त्या ट्रेची किंमत कळत असेल. ज्याच्याभोवती भिंती आहेत, डोंगर आहेत, त्याला उसन्या घुमाऱ्याची काय गरज? कदाचित हे माझंच काहीतरी आहे. कॉलेजच्या सरांना सांगितलं तर ते म्हणतील, विज्ञानात असं लिहू नये.

बाबांची जनरल शिफ्ट असली की मागच्या वर्षी आम्ही दोघं एकाच गाडीने रोह्याला जायचो. पेणला गाडीत बसलो की बाबा खिडकीला डोकं टेकायचे आणि पुढचं स्टेशन यायच्या आत झोपायचे. झोपेत त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायची. मध्येच जागे होऊन मोठ्याने विचारायचे, "डबा घेतलास काय गो?" डब्यातली माणसं वळून बघायची. मी हळूच "हो" म्हणायची, मग ते आणखी मोठ्याने, "आँ?" मला लाज वाटायची. कॉलेजच्या मुली त्याच डब्यात असायच्या. मी स्वतःला सांगायची, ब्लोअरजवळ ओरडून बोलायची सवय आहे, म्हणून. कंपनीने कानात घालायची बोंडं दिली होती. घामाने खाज येते म्हणून बाबा ती गळ्यात लटकवून ठेवायचे. घरी येतानाही कधी कधी ती गळ्यातच असायची.

आता ती चूक.

आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या ह्या पट्ट्यात, लोखंड फार दिवस धड राहत नाही. वाऱ्यातच मीठ असतं. म्हणून शिमगा झाला की घरातल्या सगळ्या लोखंडाला ग्रीस फासायचं, ही आमच्याकडची रीत. खिडकीचे गज, शिलाई मशीन, सायकलची चेन, पेटीच्या कड्या, कुलपं, कोयत्यांची पाती. जुन्या बनियनची चिंधी घ्यायची, ग्रीसच्या डब्यात बुडवायची आणि लोखंड दिसलं की पुसत सुटायचं. हे काम सातवीपासून माझ्याकडे आहे. इतकी वर्षं केल्यावर त्यात डोकं लागत नाही, हातच करतात.

त्याच आठवड्यात मला कॉलेजचा प्रकल्प पूर्ण करायचा होता. सरांनी सांगितलं होतं, घरातली एखादी वस्तू घ्या आणि तिच्यातलं विज्ञान लिहा. कुणी कुकर घेतला, कुणी पाळणा. मी अँप घेतला. इतरांकडे नसलेलं आपल्याकडे काहीतरी आहे, असं पहिल्यांदाच वाटत होतं. बाबा दुपारपाळीला गेल्यावर मी मागची फळी उघडली. फोनवर आवाजाचा आलेख काढणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. तार छेडली, लगेच हाताने दाबून बंद केली आणि शेपटी किती वेळ टिकते ते मोजलं. तीन सेकंदांहून थोडी जास्त. छान उतरती रेघ आली. मग ट्रे बाहेर काढला, फोटो काढले, लांबी मोजली. तेव्हा दिसलं की स्प्रिंगांवर तांबूस ठिपके आले आहेत. ग्रीसचा डबा पडवीत उघडाच होता.

मी तिन्ही स्प्रिंगांना ग्रीस लावलं. चांगलं, आतपर्यंत. कापसाची वात करून वेटोळ्यावेटोळ्यात भरलं. बाबांची वस्तू आणखी दहा वर्षं टिकेल, असं मनात म्हटलं. प्रकल्पाच्या वहीत मोजमापाच्या आधीच्याच पानावर मी स्वच्छ अक्षरात अवमंदनाची व्याख्या लिहिली होती. हलणाऱ्या वस्तूला चिकट अडथळा मिळाला की तिची कंपनं लवकर मरतात. उदाहरणासकट पाठ होती. ते पान आणि तो डबा यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही. दुसऱ्या दिवशी पडताळणीसाठी पुन्हा मोजलं तर रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. मी वहीत लिहिलं, "निरीक्षणातील त्रुटी." पहिला आकडा कायम ठेवला आणि प्रकल्प देऊन टाकला. चांगला शेराही मिळाला.

पुढच्या तीन हळदींना मी गेले नाही. अभ्यास होता. खरं तर अभ्यासही धड होत नव्हता. सकाळची गाडी, दुपारचं ऊन, परतीची गाडी, आणि घरी आल्यावर पंख्याखाली पुस्तक छातीवर घेऊन पडणं. आई पेणला रामवाडीत गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. ती यायची तेव्हा तिच्या नखांत सोनेरी रंग असायचा. बाबा शिफ्टवरून यायचे, अंघोळ करायचे, गिटार उचलून निघून जायचे. त्या महिन्यात आम्ही तिघं एकाच घरात थकत होतो, पण वेगवेगळ्या वेळी.

चौथी हळद आमच्याच आळीतली, म्हणून गेले. आमच्याकडे हळदीला धवले गातात. विधीची जुनी गाणी, ती गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आमच्या गावची धवलारीण ठमाबाय, साठीच्या पुढची. आता डीजे कितीही असो, नवऱ्याला पहिली हळद लागते तेव्हा सगळं बंद करून ठमाबायच्या हातात माइक देतात. आणि आमच्या पार्टीची एक पद्धत पडून गेली आहे. ठमाबाय एक ओळ गाते, बाबा गिटारवर तीच ओळ परत देतात आणि शेवटचा सूर मोकळा सोडतात. शेपटी घुमत राहते. तेवढ्यात ठमाबाय श्वास घेते. मग बाबा एक हलका सूर देऊन तिला पुढची ओळ उचलून देतात.

त्या संध्याकाळी ओळ आली. गिटारने परत दिली. शेवटचा सूर वाजला आणि पत्र्यावर काठी मारावी तसा जागच्या जागी मेला. मग मांडवात नुसती शांतता. त्या शांततेत माइकवरून ठमाबायचा श्वास ऐकू आला. हं, हं, असा. पुन्हा ओळ, पुन्हा तो कोरडा सूर, पुन्हा श्वास. मागे दोन पोरं हसली. ठमाबायने पाच ओळी म्हटल्या आणि माइक खाली ठेवला. मी खुर्चीत बसले होते. मला कळलं. एकदम सगळं कळलं. ग्रीस, रेघ, त्रुटी.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा दामूकाकांनी मला बाजूला घेतलं. बाबा चार पावलांवर वायर गुंडाळत होते.

"तुज्या बापाला झालाय काय गो?" दामूकाका म्हणाले. "इको बंद करून वाजवतो. चार हलदी झाल्या. सांगाय गेलो तं बोलतो, चालू हाय की. माजी मस्करी करतो काय?"

"नाही हो काका."

"ठमाबाय काय बोलली आयकलंस? बोलते, दाम्या, माजा दम सगल्या गावाला आयकवलास. तो गिटारवाला आसंल तं मी नाय. आता तिला नको कसा बोलू? मी मंगलवारच्या हलदीला एक कॅसिओवाला पोरगा सांगून ठेवलाय, तो लांब सूर धरतो. तुज्या बापाला बोल, गिटार घरी ठेव."

दामूकाका काही कुजबुजत नव्हते. बाबांनी मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. मानी आहेत.

रविवारी बाबांची सुट्टी होती. दुपारी ते पडवीत तार बदलत बसले होते. मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते. ते चिडतील, मग हसतील, मग आपण स्प्रिंगा साफ करू आणि दामूकाकांना सांगू की ह्यात बाबांचा काही दोष नाही. बाबांची जागा वाचेल. मला तेवढंच हवं होतं. पार्टीतली जागा गेली तर त्यांच्याकडे शिफ्टशिवाय काय उरणार होतं?

"बाबा, इको मी बिघडवला," मी म्हटलं.

"आँ?"

मी मोठ्याने म्हटलं, "स्प्रिंगांना ग्रीस लावलं मी. त्यामुळे आवाज घुमत नाही. दामूकाकांना वाटतं तुम्ही मुद्दाम बंद ठेवता. तुमची चूक नाही. माझी आहे."

ते चिडले नाहीत. तार अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली. "कदी लावलास?"

"शिमग्यानंतर. दुसऱ्या आठवड्यात."

बाबांनी डावा हात उघडला आणि अंगठ्याने बोटं मोजायला लागले. "तलावावरची. मंग बंदरावरची. मंग ती जिते गावाची. मंग परवाची." चार बोटं झाली. ते त्या बोटांकडे बघत राहिले. "चारी हलदींना शेपटी नव्हती?"

आपण काय सांगून बसलो, ते मला तेव्हा कळलं. मी माझा गुन्हा सांगायला आले होते. त्यांनी त्यात स्वतःचं ऐकलं. चार हळदी, चार संध्याकाळी, ओळीमागून ओळी, आणि शेपटी नाही हे त्यांना एकदाही समजलं नव्हतं. ते वाजवत होते ते सवयीने. पूर्वी जेवढं थांबायचे तेवढं थांबत होते. ती थांबण्याची जागा रिकामी आहे, हे सगळ्या गावाला कळलं होतं, त्यांना सोडून.

आई दारात आली होती. "मला वाटलं, तुम्हीच कंटाळून बंद केलंत," ती म्हणाली.

"तुला बी समजला?"

"कान आहेत की मला," आई सहज बोलून गेली. मग ती तिथेच उभी राहिली, पदराने हात पुसत. हात कोरडेच होते.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं लहानपणापासून ऐकलं. त्या दुपारी तसं काही झालं नाही. माझ्या मनावरचं मी उचललं आणि समोरच्याच्या मांडीवर ठेवलं. अजूनही कधी वाटतं, गुपचूप साफ करायला हव्या होत्या स्प्रिंगा. पण मग आणखी किती हळदी ते तसेच वाजवत राहिले असते?

आईनेच पुढचं हलवलं. चपला घालून रामवाडीला कारखान्यात गेली आणि तासाभराने बाटलीभर थिनर आणि बारीक ब्रश घेऊन आली. तो ब्रश मूर्तीच्या दागिन्यांना वापरायचा. मी ट्रे मांडीवर घेतला आणि वेटोळं वेटोळं धुऊन काढलं. थिनरच्या वासाने डोकं भणभणत होतं. बाबा समोर बसून बघत होते. त्यांनी एकदाही "सांभाळून" म्हटलं नाही. एरवी अँपला हात लावला तरी ओरडायचे. ट्रे उन्हात सुकवला, परत बसवला, आणि बाबांनी तार छेडली.

आवाज आला. ओला, लांब, अंगणभर. तुळशीपलीकडे कुत्रा झोपला होता, त्याने कान टवकारले. मला रडू आलं, पण मी खाली बघितलं.

बाबा अँपकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "हात वर कर. आयकू येतंय तोवर वर ठेव. संपला की खाली घे. मी बी तसाच करतो."

त्यांनी सूर छेडून तार दाबली आणि हात वर केला. मीही केला. थोड्या वेळात त्यांचा हात खाली आला. मीही माझा खाली घेतला.

"खोटा मोजू नको," बाबा म्हणाले. "तुमच्या कॉलेजात चालतो काय असा?"

त्यांना वहीतली त्रुटी ठाऊक नव्हती. मी मान हलवली.

पुन्हा सूर. दोघांचे हात वर. त्यांचा खाली आला. माझा मी तसाच ठेवला. आवाज बारीक होत चालला होता, आता नुसती तारेची कंपकंप उरली होती, पण होती. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. दोन सेकंद असतील, जास्त नाही. प्रयोगशाळेत दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. त्या दुपारी मात्र माझा हात खाली यायला तयार नव्हता. शेवटी आला.

"एवढा उरतो?"

"हो."

"बराच उरतो गो," बाबा म्हणाले. त्यांनी गिटार मांडीवरून उतरवून चटईवर ठेवली.

मग त्यांनी दामूकाकांना फोन लावला. स्पीकरवर, कारण ते नेहमी स्पीकरवरच बोलायचे. ह्याचं कारणही मला त्या दिवशीच कळलं.

"दामू, इको नीट केलाय. पोरीने ग्रीस लावला व्हता." पुढे म्हणाले, "आन मला तो बंद झालेला समजला नाय. कान गेलेत माजे. अर्धे तरी. पोरगा सांगितलायस तो बराबर हाय."

दामूकाकांच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग ते म्हणाले, "पोरगा येत नाय. वडखलच्या पार्टीने पलवला त्याला. मंगलवारी तूच ये."

"ठमाबाय?"

"तिला मी बगतो. तू ये रे बाबा. तीस वरसं वाजवतोस, एक हलद वाजव."

पण आता जमेना. सोमवारी शिफ्टवरून आल्यावर बाबांनी गिटार घेतली आणि ओळीच्या शेवटी थांबायला लागले, तर थांबणंच चुकायला लागलं. कधी लवकर उचलायचे, कधी फार वेळ बसून राहायचे. न कळता वीस-पंचवीस वर्षं बरोबर झालेली गोष्ट कळल्यावर हातातून निसटत होती. परीक्षेत मला असं होतं. पाठ असलेलं उत्तर कुणी "नक्की?" म्हणून विचारलं की जातं. बाबा म्हणाले, "नको, जाऊ दे. दामूला सांगतो, ताप आला."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मी बसते समोर. हात वर करून. हिचा पेपर आहे, नाहीतर ही बसली असती."

"लोक हसतील."

"हसू देत. चार हळदी त्यांनी फुकट हसून घेतलंय. आता मला बघून हसतील."

बुधवारी माझा भौतिकशास्त्राचा पेपर होता. तरी मंगळवारी मी गेले, पुस्तक पिशवीत घेऊन. उजेड अजून होता. मांडवाच्या खांबाजवळ, बाबांच्या अगदी समोर, आई खुर्ची ओढून बसली. दिवसभर कारखान्यात उभी होती, तशीच आली होती. ठमाबायने माइक घेतला आणि बाबांकडे न बघता दामूकाकांना म्हणाली, "परत माजा दम आयकवलास दाम्या, तं तुज्या बेंजोवर बसीन." पहिल्या रांगेतल्या बायका हसल्या. दामूकाकांनी बेंजो जरा मागे सरकवला.

पहिली ओळ झाली. बाबांनी ती परत दिली आणि शेवटचा सूर सोडला. शेपटी मांडवभर पसरली. आईने हात वर केला. बाजूच्या बाईने विचारलं, "कोनाला बोलावतेस गो?" आई म्हणाली, "माशा हाकलते." हात वरच ठेवून. तो खाली आला तेव्हा बाबांनी उचल दिली, आणि ठमाबाय बरोबर त्या सुरावर चढली. दुसरी ओळ, हात वर, हात खाली. तिसरी. आई कधी गाणं शिकलेली नाही, पण हात अचूक येत होता. सातव्या-आठव्या ओळीला तो भरून आला. तिने डाव्या हाताने उजवा कोपर धरला आणि तसाच वर ठेवला. मी पिशवी खाली ठेवून उठले, तिच्या जागी बसावं म्हणून. तिने मानेनेच नाही म्हटलं.

नवऱ्याच्या गालाला हळद लागत होती. ठमाबायची ओळ संपली, गिटारची संपली. मागे राहिला तो स्प्रिंगांचा आवाज, थकत, पातळ होत जाणारा. त्याच्या आड ठमाबायने निवांत श्वास घेतला, आणि तो कुणाला ऐकू आला नाही. बाबांचं बोट तारेवर तयार होतं. त्यांना आता काहीच ऐकू येत नसणार. ते आईच्या हाताकडे बघत होते. हात अजून वर होता. बाबा थांबले.